परत जायचे, पण कोणत्या नावाने?

मागील अंकात बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या निर्वासित छावण्यांवर एक छोटे टिपण आम्ही दिले होते. म्यानमारच्या राखाइन प्रांतातून पळून आलेल्या रोहिंग्या मुसलमानांना तिकडे परत पाठवण्याची बोलणी वर्षानुवर्षे चालू असूनही परतीचा रस्ता अजून खुला झालेला नाही, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली. काही कळवळ्याने लिहिलेली आहेत, काहींत स्पष्ट नाराजी आहे, आणि बऱ्याच वाचकांना नेमकी माहिती हवी आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सात प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : दोन्ही देशांत करार झाला, याद्या झाल्या, तारखाही ठरल्या. मग इतक्या वर्षांत हे लोक परत का गेले नाहीत? छावणीत फुकट धान्य मिळते म्हणून ते हलत नाहीत, असे आमच्या सकाळच्या मंडळीत बोलले जाते. — एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

उत्तर : करार झाला हे खरे आहे. २५ ऑगस्ट २०१७ नंतर राखाइन प्रांतात म्यानमारच्या लष्कराने जी मोहीम चालवली, तिच्यामुळे काही आठवड्यांतच लाखो रोहिंग्या नाफ नदी ओलांडून बांगलादेशात आले. पुढे हा आकडा सात लाखांच्या वर गेला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दोन्ही देशांनी परतीचा करार केला. दोन महिन्यांत परतीला सुरुवात होईल आणि शक्यतो दोन वर्षांत ती पुरी होईल, असे ठरले. म्यानमारने मात्र आठवड्याला दीड हजार माणसेच घेण्याची तयारी दाखवली होती, आणि त्या गतीने सात लाख माणसे परत जायला नऊ वर्षे लागली असती. करारातली घाई आणि करारातला वेग यांचा मेळ पहिल्या दिवसापासूनच नव्हता.

पहिली तारीख १५ नोव्हेंबर २०१८ ही होती. यादीत आपले नाव आहे हे कळताच कित्येक कुटुंबांनी आदल्या दिवसांत झोपडी सोडली आणि ती दुसऱ्या छावण्यांत नातेवाइकांकडे जाऊन लपली. दुसरी तारीख २२ ऑगस्ट २०१९ ही होती. या वेळी म्यानमारने ३,४५० जणांची नावे मान्य केली होती. टेकनाफजवळच्या शालबागान छावणीत अधिकाऱ्यांनी कुटुंबप्रमुखांना एकेक करून बोलावले आणि जायचे आहे का, असे विचारले. बाहेर बस उभ्या होत्या, सामानासाठी ट्रक उभे होते. लोक आले, बसले, आपले म्हणणे सांगून गेले. बसमध्ये मात्र कुणीही चढले नाही. जायचे नाही असे त्यांचे म्हणणे नव्हतेच. नागरिकत्व द्या, आमच्याच गावात जाऊ द्या, जिवाची हमी द्या आणि जे घडले त्याचा न्याय करा, मग आम्ही आजच निघतो, असे ते म्हणत होते.

आता धान्याविषयी. जागतिक अन्न कार्यक्रमाकडून मिळणारे शिधापत्र २०२३ मध्ये माणशी महिना १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ डॉलरवर आले. तेव्हाच्या दराने दिवसाला बावीस रुपयांच्या आसपास. माणसे धान्यासाठीच थांबली असती, तर त्या वर्षी ती म्यानमारच्या वाटेला लागायला हवी होती. प्रत्यक्षात ती गळक्या होड्यांत बसून इंडोनेशिया आणि मलेशियाच्या दिशेने निघाली, आणि त्या एका वर्षात समुद्रात साडेपाचशेहून अधिक रोहिंग्या मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले. आपल्या मंडळींसमोर ही गोष्ट अवश्य ठेवावी. उपासमार आणि समुद्र यांतले काहीही पत्करायला तयार झालेली माणसे जन्मगावी जायला मात्र तयार होत नाहीत, तेव्हा कारण त्या गावात शोधायला हवे.

प्रश्न : आमच्या गावात ब्रह्मदेशाचा (म्हणजे आजच्या म्यानमारचा) शेवटचा राजा थिबा याचा वाडा असल्यामुळे ब्रह्मदेशाच्या बातम्या मी लहानपणापासून लक्ष देऊन वाचतो. रोहिंग्या मूळचे तिथलेच, की इंग्रजांच्या काळात बंगालमधून गेलेले? म्यानमार सरकार त्यांना ‘बंगाली’ का म्हणते? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण थिबाचा उल्लेख केला हे बरे झाले, कारण या कथेत त्याच्याच घराण्याचा एक धागा आहे. आजचे राखाइन म्हणजे जुने आराकान. हे स्वतंत्र राज्य होते, त्याची राजधानी म्राउक-ऊ येथे होती, आणि त्याचे बंगालशी व्यापाराचे व दरबारी संबंध शतकानुशतके चालू होते. हे राज्य १७८४-८५ मध्ये ज्याने जिंकून ब्रह्मदेशाला जोडले, तो बोदवपाया राजा म्हणजे रत्नागिरीत १९१६ मध्ये वारलेल्या थिबाचा खापरपणजोबा. त्या स्वारीनंतर आराकानातून बौद्ध आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांची हजारो माणसे चितगावच्या बाजूला पळून आली. त्यांचे पुनर्वसन करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने हिराम कॉक्स नावाचा अधिकारी नेमला. कॉक्स बाजार हे नाव त्याच्यावरून पडले. म्हणजे ज्या गावाच्या परिसरात आज अकरा लाखांहून अधिक निर्वासित राहतात, त्या गावाला नावच आराकानच्या निर्वासितांमुळे मिळालेले आहे. ही गोष्ट मला प्रथम समजली तेव्हा मी बराच वेळ नकाशा पाहत बसलो होतो.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला प्रामाणिक उत्तर असे, की दोन्ही गोष्टी घडल्या. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने १७९९ मध्येच आराकानात दीर्घकाळ राहणाऱ्या मुसलमानांची नोंद ‘रूइंगा’ या नावाने केली आहे, आणि तेव्हा इंग्रज अजून तिथे पोहोचलेही नव्हते. पुढे १८२६ मध्ये आराकान इंग्रजांकडे गेल्यावर भातशेतीसाठी चितगावकडून मजूर मोठ्या संख्येने गेले, हेही खरेच आहे. परंतु शे-दीडशे वर्षे एखाद्या जमिनीवर नांगर धरल्यानंतर, तिथेच जन्मलेल्या पाचव्या-सहाव्या पिढीला ‘तुमचा पणजोबा कुठून आला’ असे विचारून परके ठरवायचे का, हा खरा मुद्दा आहे. स्वतंत्र ब्रह्मदेशाने सुरुवातीला त्यांना परके ठरवले नव्हते. त्यांच्यातून खासदार निवडून येत, पंतप्रधान ऊ नू यांच्या मंत्रिमंडळात आराकानचे सुलतान महमूद हे आरोग्यमंत्री होते, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी सरकारी नभोवाणीवरून रोहिंग्या भाषेत कार्यक्रमही होत असे.

चित्र पालटले ते १९६२ च्या लष्करी उठावानंतर. जनरल ने विन यांच्या राजवटीने १९८२ मध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा केला आणि १८२३ पूर्वीपासून स्थायिक असलेल्या ‘राष्ट्रीय वंशांना’ पूर्ण नागरिक ठरवले. पुढे जाहीर झालेल्या १३५ वंशांच्या यादीत रोहिंग्या नव्हते. इथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. जे आधीच नागरिक आहेत ते नागरिकच राहतील, असे त्या कायद्यातच एक कलम आहे. त्यामुळे कायद्याच्या अक्षरापेक्षा कचेरीतल्या व्यवहाराने या लोकांना अधिक बुडवले. १९८९ मध्ये नवी ओळखपत्रे देण्यासाठी जुनी तीन घड्यांची राष्ट्रीय नोंदणीपत्रे जमा करून घेतली गेली; इतरांना नवी मिळाली, रोहिंग्यांना मिळाली नाहीत. १९९५ पासून त्यांना तात्पुरते ‘पांढरे कार्ड’ दिले, आणि २०१५ मध्ये तेही रद्द केले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांचा मताचा हक्क गेला. आदल्या २०१४ च्या जनगणनेत स्वतःला ‘रोहिंग्या’ म्हणवणाऱ्यांची नोंदच केली गेली नव्हती. ‘बंगाली’ हा शब्द या सगळ्याचा आधार आहे. तो मान्य केला की माणूस परदेशी ठरतो, आणि परदेशी माणसाला परत घेण्याचे बंधन कुठल्याच सरकारवर राहत नाही.

प्रश्न : ‘सुरक्षित, स्वेच्छेने आणि सन्मानाने’ ही शब्दावली प्रत्येक ठरावात येते. कायद्याची विद्यार्थिनी म्हणून विचारते, की या शब्दांना मोजता येईल असा काही अर्थ आहे का, की ती केवळ सौजन्याची भाषा आहे? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : अर्थ आहे, आणि तो बऱ्यापैकी नेमका आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाने तो आपल्या मार्गदर्शिकेत मांडलेला आहे.

स्वेच्छा दोन बाजूंनी तपासायची असते. माणसाला तिकडची खरी परिस्थिती माहीत आहे का, ही एक बाजू. आणि इकडे राहणे मुद्दाम असह्य केलेले नाही ना, ही दुसरी. धान्य तोडून, शाळा बंद करून, धाक घालून मिळवलेल्या अंगठ्याला स्वेच्छा म्हणता येत नाही. सुरक्षिततेचे तीन पदर सांगितलेले आहेत: कायद्याची सुरक्षितता, म्हणजे परतल्यावर छळ किंवा शिक्षा होणार नाही याची जाहीर हमी, शरीराची सुरक्षितता, म्हणजे हल्ले आणि भूसुरुंग यांपासून संरक्षण, आणि पोटाची सुरक्षितता, म्हणजे जमीन किंवा उपजीविकेचे साधन. सन्मान हा शब्द सर्वांत ढोबळ वाटतो, परंतु त्याचीही फोड केलेली आहे. परतणाऱ्याला कुणी हुसकावत नाही, त्याच्यावर अटी लादल्या जात नाहीत, कुटुंबाची ताटातूट होत नाही, आणि त्याच्या देशाचे अधिकारी त्याला आपला म्हणून पूर्ण हक्कांसह स्वीकारतात. आपण अधोरेखित करावा असा भाग हा शेवटचा आहे.

आता हे निकष प्रत्यक्षाला लावून पाहू. परतणाऱ्यांना ‘राष्ट्रीय पडताळणी कार्ड’ दिले जाईल, असे म्यानमार सांगत आले. हे कार्ड नागरिकत्वाचे नव्हे. ज्याचे नागरिकत्व अजून ठरायचे आहे अशा माणसाचे ते कार्ड आहे. ज्याच्या आजोबांकडे पूर्ण नागरिकाचे कार्ड होते, त्याने नातवाच्या वयात परक्यासारखा अर्ज करावा, असा याचा अर्थ होतो. म्हणूनच हे कार्ड घ्यायला रोहिंग्या इतके बिचकतात.

राहण्याच्या पुराव्याचेही तसेच. आपल्याकडे सातबाऱ्यावरून नाव उडाले की शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. उत्तर राखाइनमध्ये ते स्थान कुटुंब-यादीचे आहे. वर्षातून एकदा अधिकारी घरी येत, घरातल्या सगळ्यांना अंगणात ओळीने उभे करीत, डोकी मोजीत आणि छायाचित्र घेत. आजी, सून, कडेवरचे मूल, सगळे त्या एका फोटोत यावे लागत. मोजणीच्या वेळी जो हजर नसेल, मग तो मजुरीला गेलेला असो की परवाना नसताना शेजारच्या तालुक्यात दवाखान्यात गेलेला असो, त्याचे नाव यादीतून खोडले जाई आणि एकदा खोडलेले नाव पुन्हा लावून घेणे जवळपास अशक्य असे. दुसऱ्या तालुक्यात जायला वेगळा परवाना लागे, लग्नाला सरकारी परवानगी लागे, आणि मौंगडॉ व बुथिडाउंग या तालुक्यांत मुलांच्या संख्येवरही मर्यादा होती. आज परतीसाठी जी ‘पडताळणी’ होते, ती करणाऱ्या सरकारच्या हातात याच नोंदी आहेत. बांगलादेशाने २०१८ पासून टप्प्याटप्प्याने आठ लाखांहून अधिक नावे कळवली. एप्रिल २०२५ मध्ये म्यानमारने त्यांपैकी एक लाख ऐंशी हजार जण परतीस पात्र असल्याचे सांगितले. हे ‘पात्र’ म्हणजे पूर्वी तिथे राहत होते एवढेच मान्य, नागरिकत्वाबद्दल एक अक्षर नाही.

आणि गावे? २०१७ मध्ये तीनशेहून अधिक गावे जळाली, त्यांतली बरीच नंतर बुलडोझर फिरवून सपाट केली गेली. जळालेली जमीन कायद्याने सरकारच्या व्यवस्थापनाखाली जाते, असे तेव्हाच्या एका मंत्र्याने जाहीरपणे सांगितले होते. परतणाऱ्यांसाठी ह्ला पो कौंग येथे पंचवीस हजारांचा तात्पुरता तळ बांधला, तो रोहिंग्यांच्याच पाडलेल्या गावांच्या जागेवर. ५ मे २०२३ रोजी वीस रोहिंग्यांना ‘या आणि पाहून जा’ म्हणून मौंगडॉला नेण्यात आले, आणि उभारलेली नवी वसाहत त्यांना दाखवण्यात आली. परतल्यावर त्यांनी सांगितले, की आम्हाला पुन्हा छावणीतच ठेवणार असतील तर एका छावणीतून दुसऱ्या छावणीत कशाला जायचे? स्वतःच्या गावाच्या जागेवर कुंपण पाहून आलेल्या माणसाला सन्मानाची आणखी व्याख्या विचारावी लागत नाही. आपण कायदा शिकत आहात, तर २०१२ पासून राखाइनची राजधानी सितवे हिच्याभोवतीच्या छावण्यांत अडकलेल्या लाखभराहून अधिक रोहिंग्यांची माहितीही मिळवावी. हे लोक देश सोडून कधी गेलेच नाहीत, आणि तरीही त्यांना पाच-दहा मैलांवरच्या आपल्या मोहल्ल्यात परतता आलेले नाही. परतीच्या आश्वासनांची किंमत ठरवायला त्याहून चांगला दाखला नाही.

प्रश्न : पूर्वीही रोहिंग्यांना परत पाठवण्यात आले होते असे वाचले. मग ते पुन्हा कसे आले? — एक ग्रंथपाल, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दोनदा पाठवले होते, आणि हा इतिहास परतीवर बोलणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवा.

१९७८ मध्ये ‘नागामिन’ म्हणजे नागराज या नावाने परदेशी नागरिक शोधण्याची मोहीम निघाली, तेव्हा दोन लाखांवर माणसे बांगलादेशात पळाली. त्याच जुलैमध्ये परतीचा करार झाला. लोक जायला तयार नव्हते. छावण्यांतला शिधा अपुरा ठेवला गेला, आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. त्यानंतर बाकीचे परत गेले. याला स्वेच्छा म्हणायचे असेल तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही. परत गेल्यावर त्यांना काय मिळाले, तर तीन वर्षांत १९८२ चा कायदा.

१९९१-९२ मध्ये वेठबिगार, जमिनी बळकावणे आणि अत्याचार यांमुळे पुन्हा अडीच लाख आले. एप्रिल १९९२ मध्ये पुन्हा करार झाला. सुरुवातीच्या परतीत इतकी जबरदस्ती झाली, की संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने काही काळ अंग काढून घेतले. पुढे ते १९९३ मध्ये सहभागी झाले आणि १९९७ पर्यंत सुमारे दोन लाख तीस हजार लोक परत गेले. छावण्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने निर्वासितांशी बोलून १९९५ मध्ये दाखवून दिले, की नकार देण्याचा हक्क आपल्याला आहे हेच बहुतेकांना कुणी सांगितलेले नव्हते. त्या परतीनंतर मिळाले ते पांढरे कार्ड. ते पुढे कसे गेले, हे वर आलेच आहे.

२०१७ च्या कराराचा पायाही १९९२ चाच करार होता. ज्या कागदाने एकदा काम केले नाही, तोच पुन्हा समोर ठेवला गेला, याचे मला आजही दुःख वाटते. कारण या वेळी वेगळा मसुदा तयार होता. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या अध्यक्षतेखालील राखाइनविषयीच्या आयोगाने ऑगस्ट २०१७ मध्येच आपला अंतिम अहवाल दिला होता आणि त्यातील ८८ शिफारशींत नागरिकत्वाच्या कायद्याचा फेरविचार आणि फिरण्याचे स्वातंत्र्य यांचा स्पष्ट समावेश होता. अहवाल जाहीर झाल्यानंतर काही तासांतच ‘आरसा’ (ARSA) या रोहिंग्यांच्या सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले, लष्कराची मोहीम सुरू झाली, आणि तो अहवाल बाजूला पडला.

प्रश्न : आता राखाइनमध्ये लष्कराची सत्ता राहिली नाही, असे ऐकतो. मग परतीची बोलणी कुणाशी करायची? — एक पत्रकार, सोलापूर

उत्तर : हीच आजची सर्वांत कठीण गाठ आहे. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर देशभर युद्ध पेटले. नोव्हेंबर २०२३ पासून आराकान आर्मी या राखाइन बौद्धांच्या सशस्त्र संघटनेने प्रांतातले सतरापैकी चौदा तालुके जिंकले. मे २०२४ मध्ये बुथिडाउंग आणि डिसेंबर २०२४ मध्ये मौंगडॉ तिच्या ताब्यात गेले, आणि त्याबरोबर बांगलादेशला लागून असलेली सगळी सरहद्दही. सितवे, क्यौकफ्यू आणि मुनाउंग एवढेच लष्कराकडे राहिले. म्हणजे याद्या मान्य करणारे सरकार राजधानी नेपिडोत आहे आणि गावे दुसऱ्याच्या हाती आहेत. एप्रिल २०२५ च्या त्या एक लाख ऐंशी हजार नावांकडे या नजरेने पाहावे: ज्या दारातून त्यांना आत घ्यायचे, त्याची किल्ली यादी देणाऱ्याकडे नाही.

आराकान आर्मीकडून रोहिंग्यांना दिलासा मिळाला, असे दुर्दैवाने म्हणता येत नाही. लष्कराने फेब्रुवारी २०२४ पासून रोहिंग्या तरुणांना सक्तीने भरती करून आघाडीवर ढकलले; ज्यांना नागरिक मानले नाही, त्यांच्यावर सैनिकी सेवेची सक्ती केली. त्यामुळे राखाइन बौद्ध आणि रोहिंग्या या दोन समाजांतले वैर आणखी पेटले. मे २०२४ मध्ये बुथिडाउंग जळाले, ५ ऑगस्टला नाफच्या काठी पळणाऱ्या कुटुंबांवर ड्रोनने हल्ला झाला. वाचलेल्यांनी या प्रकारांत आराकान आर्मीकडे बोट दाखवले आहे, ती आरोप नाकारते. तिचे नेतेही ‘रोहिंग्या’ हा शब्द टाळतात. २०२४ च्या आरंभापासून पुढच्या दीड वर्षात सुमारे दीड लाख नवे निर्वासित बांगलादेशात आले. परतीच्या वाटेवर येणाऱ्यांचीच गर्दी आहे, जाणाऱ्यांची नाही.

तरीही माझ्या मते बांगलादेशाला आणि भारतालाही आराकान आर्मीशी बोलावेच लागेल, आणि त्या बोलण्यात रोहिंग्यांचा स्वतःचा प्रतिनिधी असायला हवा. आजवरच्या एकाही करारावर त्यांची सही नाही. छावणीतून हा आवाज उभा करू पाहणारे शिक्षक मोहिबुल्ला, ज्यांनी परतीसाठीच लोकांना संघटित केले होते, त्यांची २९ सप्टेंबर २०२१ रोजी कुतुपालोंग छावणीत गोळ्या घालून हत्या झाली. छावण्यांतले सशस्त्र गट आपल्याच लोकांना वेठीस धरतात, हेही लपवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : निर्वासितांच्या हक्कांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत सदस्य नाही. आपल्याच लोकांना घरे आणि नोकऱ्या पुरत नाहीत, शिवाय सुरक्षेचा प्रश्न आहे. भारतातल्या रोहिंग्यांना सरळ परत पाठवले तर त्यात गैर काय? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आपली काळजी मी धुडकावून लावत नाही. कराराचा सदस्य नसल्याचे आपण म्हणता ते खरे आहे, बांगलादेशही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२१ च्या आदेशात म्हटले, की राज्यघटनेच्या १४ व्या आणि २१ व्या कलमाचे संरक्षण प्रत्येक व्यक्तीला असले, तरी देशात राहण्याचा हक्क केवळ नागरिकाला आहे. आणि जम्मूतल्या रोहिंग्यांना विहित पद्धत पाळल्याशिवाय पाठवू नये. हे लोक निर्वासित मानायचे की बेकायदा आलेले, हा मूळ प्रश्नही त्या न्यायालयासमोर आहे. गुन्हा करणाऱ्यावर खटला भरावा, त्याबद्दल दुमत नाही.

माझी अडचण ‘सरळ’ या शब्दाशी आहे. मुदत संपलेल्या पर्यटकाला आपण परत पाठवतो तेव्हा त्याचा देश ‘हा आमचा’ म्हणून त्याला विमानतळावर उतरवून घेतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये आसामच्या सिलचर तुरुंगातील सात रोहिंग्यांना मणिपूरच्या मोरे नाक्यावर म्यानमारच्या हवाली केले गेले. पण त्यांना पुढे पूर्ण नागरिकाचे हक्क मिळाले, असा दाखला माझ्या पाहण्यात नाही. ज्याचा देशच त्याला आपला मानत नाही, त्याला सीमेपलीकडे ढकलणे म्हणजे युद्धात ढकलणे होते, आणि १९७८ पासूनचा अनुभव पाहता ती माणसे पुन्हा कुठल्या ना कुठल्या सीमेवर येतातच. निर्वासित कार्यालयाकडे भारतात नोंद असलेल्या रोहिंग्यांची संख्या पंचवीस हजारांच्याही आत आहे. त्यांच्या डोक्यावर रोज टांगती तलवार ठेवल्याने आपल्या घरांचा किंवा नोकऱ्यांचा प्रश्न सुटतो, असे मला वाटत नाही.

उलट भारत खरोखर काही करू शकतो ते राखाइनमध्ये. आपण तसे केलेलेही आहे. डिसेंबर २०१७ च्या करारानुसार भारताने परतणाऱ्यांसाठी मौंगडॉ भागात २५० घरे बांधली आणि जुलै २०१९ मध्ये ती म्यानमारच्या हवाली केली. घरे उभी राहिली, पण नागरिकत्वाशिवाय त्यांत जाऊन राहणाऱ्यांचा ओघ आला नाही. सितवे बंदर आणि त्याला मिझोरामशी जोडणारा कलादान मार्ग यांत भारताचा पैसा अडकलेला आहे, आणि त्या मार्गावरचे पलेत्वा हे गाव जानेवारी २०२४ पासून आराकान आर्मीकडे आहे. म्हणजे दोन्ही पक्षांशी बोलण्याचे निमित्त दिल्लीकडे आहेच. त्या बोलण्यात विटांच्या बरोबरीने ओळखपत्राचाही विषय निघावा, एवढी अपेक्षा आपण आणि मी दोघेही आपल्या खासदारांना लिहून कळवू शकतो.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. छावणीतली मुले काय शिकतात? माझ्या वर्गात हा विषय कसा मांडावा? — एक शिक्षिका, कागल

उत्तर : बाई, आपल्या पत्रात मुलांची आठवण निघाली याचा आनंद झाला. बरीच वर्षे त्यांना बांबूच्या खोल्यांत अनौपचारिक शिक्षणच मिळे. बांगलादेशचा अभ्यासक्रम शिकवायला परवानगी नव्हती. २०२१ च्या अखेरीस युनिसेफने म्यानमारचा शालेय अभ्यासक्रम सुरू केला, तो याच हेतूने की परत गेल्यावर मुले तिथल्या शाळेत मागे पडू नयेत. घरी रोहिंग्या बोलणारी मुले एका शिक्षकाकडून ब्रह्मी भाषा शिकतात. ज्या देशाने त्यांना नाव नाकारले त्याच देशाची पुस्तके ती वाचतात, कारण त्यांच्या आईवडिलांनी परतण्याची आशा सोडलेली नाही. २०२५ च्या मध्याला पैशाअभावी यातली कित्येक केंद्रे बंद करावी लागली. छावण्यांत वर्षाला सुमारे तीस हजार मुले जन्मतात, आणि त्यांपैकी कुणीही अंगणातल्या त्या कुटुंब-फोटोत नाही.

वर्गात नकाशा लावून मुलांना नाफ नदी शोधायला सांगावी. नदीच्या पूर्वेला मौंगडॉ, बुथिडाउंग आणि राथेडाउंग हे तीन तालुके दाखवावेत, कारण २०१७ मध्ये आलेली बहुतेक कुटुंबे तिथली आहेत. रोहिंग्या कुठले, असे विचारल्यावर बरीच मुले ‘बांगलादेशचे’ असे उत्तर देतील. तेवढे आधी दुरुस्त करून घ्यावे.